वरच्या कोपऱ्यातली पट्टी आणि तिचे साल

फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याचे डोळे चेंडूवर असतात, फार तर पुढचा पास कुठे द्यायचा ती मोकळी जागा शोधत असतात. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गुणफलकाकडे तो मुद्दाम पाहत नाही. तरीही ७५ व्या मिनिटाला आपण एका गोलने मागे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते आणि त्याच्या हालचालींतली घाई त्या माहितीतूनच आलेली असते. न पाहता वाचली जाणारी ही पट्टी मी एका जुन्या खेळासाठी अनेक वर्षे रंगवत आलो आहे. तो खेळ म्हणजे कोनामी कंपनीचा, ऑक्टोबर २००६ मध्ये युरोपात आलेला 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ६'. त्याच्यानंतर कितीतरी नवे, देखणे खेळ आले, पण चेंडूचे वजन पायाला जाणवावे अशी त्याची जी घडण आहे, तिच्यासाठी लोक आजही त्याच्याकडे परततात आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे. इतक्या वर्षांत माझे एक मत मात्र घट्ट होत गेले : जुन्या खेळात बसवायचा गुणफलक त्या खेळाच्याच काळातला असावा. हे मत केवळ आवडीनिवडीचे नाही. त्याला पिक्सेलपर्यंत पोचणारी कारणे आहेत.

मुळात ही पट्टी टीव्हीवरच्या फुटबॉलपेक्षा वयाने बरीच लहान आहे. कितीतरी दशके सामने अशा पट्टीशिवायच दाखवले जात. गोल झाल्यावर किंवा मधूनमधून गोलसंख्येची एखादी ओळ पडद्यावर येई आणि नाहीशी होई. सामना मध्येच लावणाऱ्याला कोण पुढे आहे हे कळण्यासाठी निवेदकाच्या वाक्याची वाट पाहावी लागे. ऑगस्ट १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा स्काय स्पोर्ट्सचे प्रमुख डेव्हिड हिल यांनी वेळ आणि गोलसंख्या सतत कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत आणली. १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात एबीसी आणि ईएसपीएन या वाहिन्यांनीही घड्याळ कायम पडद्यावर ठेवले. ४५ मिनिटे न थांबणाऱ्या खेळात जाहिरातीसाठी विश्रांती घेता येत नसल्याने प्रायोजकांची चिन्हे त्यांनी त्या घड्याळालाच जोडली. २००६ पर्यंत या पट्टीशिवाय सामना असू शकतो ही कल्पनाच प्रेक्षकाच्या मनातून गेली होती.

म्हणून व्हिडिओ गेममध्ये गुणफलक येतो तेव्हा त्याचा मैदानाशी फारसा संबंध नसतो. प्रत्यक्ष मैदानावरच्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर कोणतीही पट्टी तरंगत नाही. बाजूने आणि उंचावरून पाहणारा कॅमेरा, गोलनंतरची पुनर्दृश्ये, निवेदकांचे आवाज आणि कोपऱ्यातला फलक या सगळ्यांतून हा खेळ प्रक्षेपणाची नक्कल करतो. खेळणारा एकाच वेळी खेळाडूही असतो आणि घरी बसलेला प्रेक्षकही. त्याच्यातल्या प्रेक्षकाला खरेपणा पटवण्याचे काम गवताच्या पात्यांपेक्षा ही छोटीशी पट्टी अधिक करते, असे मला मनापासून वाटते. गवत कोणत्याही देशात, कोणत्याही साली सारखेच दिसते; फलकावरून मात्र हा कोणत्या स्पर्धेचा, कोणत्या हंगामाचा सामना आहे हे सराईत प्रेक्षक क्षणात ओळखतो.

कोनामीच्या मूळ फलकात नेमकी हीच ओळख नव्हती. परवान्यांअभावी या खेळात लिव्हरपूलचे नाव 'मर्सीसाइड रेड' होते आणि चेल्सी 'लंडन एफसी' या नावाने खेळत असे. खेळातल्याच संपादन विभागात जाऊन नाव आणि त्याचे तीन अक्षरी लघुरूप बदलता येई आणि असंख्य खेळाडूंनी ते बदलले. चॅम्पियन्स लीगचा परवानाही कोनामीला या खेळानंतर, २००९ च्या आवृत्तीपासून मिळाला. मूळ फलक नीटनेटका होता, वाचायला सोपा होता, पण तो कोणत्याच वाहिनीचा आणि कोणत्याच स्पर्धेचा नव्हता. नावे खरी झाली, गणवेश खरे झाले, आणि त्यानंतर हा परका फलक अधिकच डोळ्यांवर येऊ लागला.

तो बदलायचा तर आधी शोधावा लागतो. या खेळाची चित्रे, मजकूर आणि आवाज एएफएस नावाच्या मोठ्या संग्रह-फाइलींत भरलेले आहेत. आतल्या फाइलींना नावे नाहीत. उघडणाऱ्या साधनात त्या फक्त क्रमांकाने दिसतात, जणू खणांवर एकही चिठ्ठी नसलेले भलेमोठे कपाट. चित्रांच्या खणांतला माल सहसा झेडलिब पद्धतीने दाबून बसवलेला असतो आणि प्रत्येक फाइल २०४८ बाइटांच्या पटीत सुरू होते, कारण ही रचना सीडी-डीव्हीडीच्या सेक्टरांसाठी आखलेली आहे. नवे चित्र दाबल्यावर जुन्याच्या राखीव जागेत मावले तर ठीक. नाही तर अख्खा संग्रह नव्याने बांधावा लागे. एएफएस एक्सप्लोरर आणि गेम ग्राफिक स्टुडिओ ही साधने ज्यांनी वापरली आहेत त्यांना त्या कामातला संथपणा आठवत असेल. पुढे किटसर्व्हर नावाच्या जोड-प्रोग्राममुळे बदललेली फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवून खेळाला तिथूनच वाचायला लावता येऊ लागले, मूळ संग्रहाला हात लावण्याची गरज राहिली नाही, आणि एका संध्याकाळी एकच बदल करून पाहणाऱ्यांना दहा बदल करून पाहता येऊ लागले.

चित्र हाती आल्यावर खरे काम सुरू होते. संगणकावरची ही आवृत्ती प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीवरून घडलेली आहे आणि त्या यंत्राकडे चित्रांसाठीची स्मृती अवघी ४ मेगाबाइट होती. म्हणून चित्रे २५६ रंगांच्या तालिकेवर चालतात. चित्रातला प्रत्येक पिक्सेल स्वतःचा रंग सांगत नाही, तो तालिकेतला फक्त क्रमांक सांगतो, आणि तालिकेतल्या प्रत्येक नोंदीला रंगाबरोबर स्वतःची अपारदर्शकताही असते. याचा अर्थ असा की एकाच निळ्या रंगाची पूर्ण गडद, अर्धी पारदर्शक आणि जवळजवळ अदृश्य अशी तीन रूपे हवी असतील, तर तीन नोंदी खर्च होतात. पट्टीखाली ३२ पायऱ्यांची मऊ सावली टाकली आणि तशीच सावली दुसऱ्या रंगाच्या भागाखालीही हवी असली, तर तालिकेचा चौथा हिस्सा सावल्यांतच गेला. चित्रसंपादकाला रंग आपोआप कमी करायला सांगितले की तो तुटवडा लपवण्यासाठी रंगीत ठिपके विखरून टाकतो. छायाचित्रात ते खपून जातात, पण गुणफलकाच्या सपाट पट्टीवर ते धुळीसारखे दिसतात. रंगांची तालिका हाताने ठरवण्याला पर्याय नाही, आणि हे काम मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात प्रत्येक छटेला आपली गरज सिद्ध करावी लागते.

पारदर्शकतेत आणखी एक बारकावा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय चांगला फलक होत नाही. चित्र पडद्यावर मोठे करून दाखवताना खेळ शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळतो. पूर्ण पारदर्शक पिक्सेल दिसत नाही, तरी तालिकेत त्याच्या नावावर कोणता तरी रंग असतोच. आणि तो पांढरा असेल तर गडद पट्टीच्या कडेने पांढरट रेघ उमटते, जिचा उगम चित्रात शोधून सापडत नाही. उपाय असा की अदृश्य भागालाही लगतच्या कडेचाच रंग द्यावा. पट्टीचा एक भाग निळा आणि दुसरा लाल असेल, तर पूर्ण पारदर्शक नोंदीही दोन ठेवाव्या लागतात, एक आतून निळी आणि एक आतून लाल. कोणालाही कधीच न दिसणारे दोन रंग असे काळजीपूर्वक निवडावे लागतात.

आता घड्याळाकडे येऊ, कारण गुणफलकाचा जीव तिथे आहे. खऱ्या सामन्यात सेकंदाचा आकडा सेकंदभर थांबतो. या खेळात ९० मिनिटांचा सामना १० मिनिटांत बसवला, तर घड्याळ नऊ पट वेगाने धावते आणि सेकंदाचा प्रत्येक आकडा एका सेकंदाच्या नवव्या भागापुरताच पडद्यावर राहतो. सेकंदाला ६० चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशोबाने त्याच्या वाट्याला सातही चौकटी येत नाहीत. सामना पाच मिनिटांचा केला तर वाटा निम्मा होतो. टीव्हीवर शांत दिसणारा अंकांचा घाट या वेगात सापडला की थरथरू लागतो. आकडे समान रुंदीच्या चौकटींत बसवलेले असतात; इंग्रजी एकचा आकडा मुळातच सडपातळ असल्याने तो चौकटीच्या डाव्या कडेला चिकटून काढला, तर दर फेरीत तो एकदा उजवीकडे खिंडार पाडतो आणि डोळा नको तेव्हा कोपऱ्याकडे खेचला जातो. तो चौकटीच्या मध्यावर घ्यावा लागतो. मग अकरा मिनिटे अकरा सेकंदांना चार सडपातळ काठ्या एकमेकींपासून फटकून उभ्या राहिलेल्या दिसतात, म्हणून एकच्या पायाशी छोटी आडवी रेघ देऊन त्याला थोडा विस्तार द्यावा. मूळ वाहिनीच्या अक्षरवळणात ती रेघ नसली तरी मी ती देतो. हुबेहूबपणावरून माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आग्रह मला समजतो. पण मूळ फलकाचे आकडे ज्या वेगासाठी काढले होते तो वेग इथे नाही, आणि न पाहता वाचता येणे हा फलकाचा पहिला धर्म आहे.

जादा वेळेची परीक्षा वेगळी असते. बर्लिनमध्ये ९ जुलै २००६ रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटली आणि फ्रान्स १–१ असे बरोबरीत असताना ११० व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदानला लाल कार्ड मिळाले आणि पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये इटली ५–३ असा जिंकला. आपला व्हिडिओ गेमही त्याच वर्षीचा असल्याने हा सामना त्यात पुन्हा खेळावा असे वाटणारच. आणि तसा तो खेळायचा, तर घड्याळातली मिनिटे तीन अंकी होतात. आकडे पडद्यावर नेमके कुठे पडावेत हे चित्रात लिहिलेले नसते, ते खेळाच्या प्रोग्रामने ठरवलेले असते, त्यामुळे शंभरीचा जादा अंक आपल्या सुंदर पट्टीच्या कडेवर चढला तर अंक सरकवता येत नाही, पट्टीच रुंद करावी लागते. ९० मिनिटांपर्यंत ती रुंदी किंचित मोकळी वाटते. मी ती मोकळीक ठेवतो, कारण सर्वांत अटीतटीचे सामने नेमके शंभरीच्या पलीकडे जातात.

संघांच्या तीन अक्षरी नावांनाही हीच शिस्त लागते. रोमन एम आणि डब्ल्यू ही रुंद अक्षरे आणि आय हे निमुळते. मिलान आणि लिव्हरपूल यांची लघुरूपे शेजारी ठेवली की दोन्हींत मध्यभागी आय येतो आणि दोन्हींत तो वेगवेगळा एकटा पडलेला दिसतो. यावर फार करता येत नाही.

पडद्याच्या आकाराबद्दल मात्र पुष्कळ करता येते. हा खेळ ४:३ प्रमाणाच्या टीव्हीच्या काळातला आहे. ६४० बाय ४८० पिक्सेलांचा विचार करून मांडलेली गोष्ट १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पसरली की ती रुंदीत तिप्पट आणि उंचीत सव्वादोन पट होते, म्हणजे प्रत्येक वर्तुळ रुंदीकडे तिसऱ्या हिश्शाने फुगते आणि अंडाकृती होते. रुंद पडद्यासाठी फलक करायचा असेल, तर चित्र आधीच रुंदीत ७५ टक्क्यांवर दाबून काढावे लागते. ते काढताना सगळी अक्षरे चिंचोळी, उपाशी दिसतात आणि खेळात गेल्यावर ती अंग धरतात. त्या काळच्या काचेच्या टीव्हींत चित्राच्या कडा चौकटीआड झाकल्या जात, म्हणून मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवण्याचा रिवाज होता. जुन्या फलकांत पट्टी कोपऱ्यापासून इतकी आत का असते, याचे उत्तर या रिवाजात आहे. आजच्या पडद्यांना त्या अंतराची गरज नाही, तरी मी ते अंतर कमी करत नाही. ते अंतर त्या सालाचा भाग आहे.

मूळ फलकाचा अभ्यास करण्यासाठी हाताशी असतात ती जुनी ध्वनिचित्रमुद्रणे, आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. युरोपातल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या चित्राची चौकट ७२० बाय ५७६ पिक्सेलांची असते, पण ते पिक्सेल चौरस नसतात. ४:३ साठी ती चौकट ७६८ बाय ५७६ आणि १६:९ साठी १०२४ बाय ५७६ अशी पसरवून मगच पट्टीची लांबी मोजावी. नाही तर मापेच चुकीच्या पायावर उभी राहतात. दूरचित्रवाणीत काळा रंग शून्यापासून सुरू होत नाही, १६ पासून होतो आणि पांढरा २३५ ला संपतो; हे भान न ठेवता उचललेला काळा राखाडी निघतो. रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवलेली असल्याने लाल पट्टीच्या कडेचा लाल शेजारच्या हिरवळीत पाझरलेला असतो, म्हणून रंग नेहमी पट्टीच्या मध्यातून घ्यावा.

सर्वांत समाधान देणारी युक्ती आहे ती पारदर्शकता मोजण्याची. पट्टी अर्धपारदर्शक असेल, तर एकाच मुद्रणातल्या दोन चौकटी घ्याव्यात, एकीत पट्टीमागे उन्हातले गवत असावे आणि दुसरीत सावलीतले. पट्टीच्या लगत, पण बाहेर, दोन्ही गवतांच्या उजेडात १०० चा फरक असेल आणि पट्टीच्या आत तोच फरक २० उरला असेल, तर पट्टी मागचा पाचवा हिस्सा दाखवते, म्हणजे ती ८० टक्के अपारदर्शक आहे. इतक्या वर्षांपूर्वी कोणा अनामिक कलाकाराने निवडलेला आकडा असा वजाबाकीतून पुन्हा हाती येतो, तेव्हा मला होणारा आनंद गोल केल्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो.

आणि इथे मी माझ्या मूळ मताकडे येतो. जुन्या खेळात या हंगामाचा फलक बसवण्याची रीत मोठी आहे. जे दरवर्षी संघ, खेळाडू आणि गणवेश अद्ययावत करतात, त्यांच्या प्रकल्पात तो शोभतोही. त्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण ज्या खेळात २००६ चेच खेळाडू २००६ च्याच गणवेशात धावत आहेत, तिथे आजचा फलक आला की दोन काळ एकमेकांना खोटे पाडतात. प्रीमियर लीगने २०१६ मध्ये मुख्य प्रायोजकाचे नाव सोडून जांभळ्या सिंहाची नवी ओळख घेतली. तो सिंह कोपऱ्यात आणि हिरवळीवर तरुण रूनी, हे चित्र मला क्षणभरही खरे वाटत नाही. शिवाय आजचे फलक उच्च स्पष्टतेच्या पडद्यांसाठी आखलेले असतात. त्यांचे रंग सपाट, अक्षरे बारीक आणि रेषा केसासारख्या असतात. ती बारीक अक्षरे या खेळाच्या लहान चित्रात उतरवली की पिक्सेलभर रेघ आधी अर्धी होते, मग मिसळते आणि शेवटी धुक्यासारखी उरते. २००० च्या दशकातल्या फलकांवरची जाड अक्षरे, उंचवट्याच्या कडा आणि वरून खाली गडद होत जाणारे रंग आज काहींना भडक वाटतात. पण ते कमी स्पष्टतेच्या, किंचित पसरट पडद्यावर दूरवरून वाचले जावेत म्हणून घडले होते, आणि या खेळाचे चित्र नेमके तसेच आहे. त्या सालचा फलक त्या सालच्या खेळात बसवताना मला फारच थोडी तडजोड करावी लागते.

वाहिन्या आपली दृश्य ओळख सतत बदलत असतात. जुनी बदलली गेल्यावर तिची स्वच्छ चित्रे सहसा कोणी जनतेसमोर ठेवत नाही. उरतात ती धूसर मुद्रणे, ज्यांत फलकामागून गर्दी आणि गवत डोकावत राहते. म्हणून कोणा हौशी माणसाने मोजून-मापून पुन्हा काढलेला फलक हीच कित्येकदा त्या रचनेची वापरता येण्याजोगी प्रत ठरते. त्यावरची चिन्हे अर्थातच त्यांच्या मालकांची आहेत, अक्षरवळणेही कोणाची तरी आहेत. मी अक्षरे मुद्रणावरून हाताने काढतो, तयार फॉन्ट सोबत वाटत नाही, आणि या कामाचे पैसे कोणीही घेऊ नयेत असे मला ठामपणे वाटते.

फलक पूर्ण झाला असे मानण्याआधी मी तो काही ठरावीक परिस्थितींत तपासतो : भर दुपारी अर्धे मैदान सावलीत असताना, पांढऱ्या गणवेशाचे खेळाडू पट्टीमागून जाताना, बर्फाळ मैदानावर, आणि जादा वेळेच्या दुसऱ्या भागात. मग वाटताना केवळ दाबलेली फाइल देत नाही. सोबत थर वेगळे ठेवलेले मूळ चित्र, २५६ रंगांची तालिका, कोणत्या स्पर्धेच्या कोणत्या सामन्यावरून मापे घेतली त्याची नोंद, मोजलेली अपारदर्शकता आणि एकच्या आकड्याला मी दिलेल्या जादा रेघेचा खुलासा असतो. ज्याला ती रेघ मान्य नसेल त्याने तो थर काढून टाकावा. आणि कोणाकडे त्याच सामन्याचे अधिक स्वच्छ मुद्रण असेल, तर माझी मापे तपासून दुरुस्त फलक पुढे पाठवावा. ४:३ आणि १६:९ अशा दोन्ही आवृत्त्या वेगळ्या फोल्डरांत ठेवलेल्या असतात, बदली खेळाडूंच्या पाटीचे काम अजून चालू आहे.